सौसरच्या काचेच्या जंजिऱ्याची हकीकत

सौसर परगण्यातील समस्त संत्रेवाले, कापूसवाले, बसस्थानकावरील चहावाले आणि गल्लीतील जाणती मंडळी यांणी वारंवार पुसले की, गुणवंतरावांचे घरी दर्या आला तो कैसा आला, त्याची मोहीम कैसी चालली, कोण खपले, कोण तगले आणि यश कोणाचे पदरी पडले, हे सविस्तर लिहून ठेवावे, नाहीतर जो तो आपले मनाचे सांगेल आणि खरे ते बुडेल. तरी जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणूनच लिहिले आहे.

प्रथम मुलखाचा मजकूर. सौसर हा मुलूख दर्यापासून फार आत. येथून कोणत्याही दिशेस कूच केले तरी रेल्वेत रात्र काढल्यावाचून खारे पाणी दृष्टीस पडत नाही. येथील रयतेस पाणी म्हणजे विहिरीचे, बोअरचे आणि आले तर नळाचे, आणि मासा म्हणजे कन्हान नदीचा, तोही रश्श्यात. ऐसे मुलखी बोरगावचे शिवेवर संत्र्याची बाग राखून असणारे आणि सौसरात घर करून राहणारे गुणवंतराव, यांचे कुटुंब चंद्रकलाबाई, यांणी घरात दर्या आणावयाचा मनसुबा केला. कारण ऐसे जाहले की, बाईंचे बहिणीची लेक प्रणाली कोकणात एका मत्स्यशाळेत चाकरीस होती. तेथे दर्यातील शोभेच्या माशांची काचेच्या टाक्यांत पैदास करीत, म्हणजे लोकांच्या हौसेपायी प्रवाळांत जाळी टाकून त्यांस धरून आणावयास नको. बाई भाचीस भेटावयास गेल्या, आणि तेथे त्यांणी एक मासा पाहिला, अंग पिकल्या संत्र्याचे आणि वर तीन पांढरे पट्टे, ज्यास लोक जोकर मासा म्हणतात. बाई बराच वेळ काचेपुढे उभ्या राहिल्या आणि मग बोलिल्या, "हा तं आपल्या बागेतलाच हाये. इथं कायले येऊन राहिला बिचारा?"

मग त्याचे एक जोडपे प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालून, सोबत दर्याच्या मिठाची गोणी घेऊन, बाई सौसरास दाखल जाहल्या. बैठकीच्या खोलीत टीव्हीचे सिंहासन होते. टीव्ही पदच्युत करून धान्याच्या कोठीवर रवाना केला, आणि त्या जागी काचेची टाकी बसवली, गाळलेल्या पाण्यात मीठ कालवले, आत जुन्या छपराचे एक कवेलू आडवे टाकले, हवेचा पंप आणि पाणी ऊबदार राखणारा हीटर लाविला, आणि ऐसा काचेचा जंजिरा सिद्ध जाहला. या जातीत मादी थोर आणि नर लहान. हुकूम मादीचा, चाकरी नराची. चंद्रकलाबाईंस ही व्यवस्था फार पसंत पडली, आणि गुणवंतरावांस बोलावून त्यांणी ती पुनःपुन्हा दाखविली. मादीस राणीसाहेब आणि नरास नवरदेव ऐसे किताब दिले.

राणीसाहेबांनी कवेलूवर दोन वेळा अंडी घातली, दोन्ही वेळा ती फुटली, आणि दोन्ही वेळा कोवळी फौज उपाशी मेली, कारण तिच्या तोंडात मावेल ऐसे अन्न सौसरच्या बाजारात नव्हते. बाईंनी उकडलेल्या अंड्याचा बलक चाळून पाहिला, दुधाची भुकटी पाहिली, काही चालले नाही. त्यांणी हट्ट धरिला की, एक तरी पिढी वाढवून दाखवीनच. मग भाद्रपद लागला आणि थोड्या दिवसांच्या तापाने बाई वारल्या. याचा मजकूर लांबवीत नाही.

यानंतर जंजिऱ्याची किल्लेदारी गुणवंतरावांकडे आली. त्यांस या कामाची काडीची माहिती नव्हती. बाई असता त्यांचे काम एवढेच की, पाण्याच्या कॅन उचलणे आणि सांगितले तेथे ठेवणे. पण सुतक फिटले, मंडळी आपापल्या गावी गेली, घर निवांत जाहले, तेव्हा पंपाचा गुडगुड आवाज तेवढा राहिला. गुणवंतराव त्या आवाजाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. दाणा घालीत, काच पुशीत, पाण्यात खारटपणा किती ते पाहात. बागेत जात, झाडांस हात लावून परत येत, पण पूर्वीसारखे तेथे मुक्कामास राहिनात. राणीसाहेबांनीही अंडी घालणे मौकूफ केले. बाई गेल्याचे त्यांस कळले होते की कसे, हे ठाऊक नाही.

मग पांढुर्ण्याहून गुणवंतरावांची थोरली बहीण शकुबाई भावाचे जेवणाखाण्याचा बंदोबस्त करावयास आली. ही बाई विधवा, कणखर, बोलण्यास तिखट. तिने आपल्या हयातीत दोन सुना, एक जावई आणि पांढुर्ण्याचा अख्खा भाजीबाजार सरळ केला होता. तिने येताच स्वयंपाकघर काबीज केले आणि जंजिऱ्याशी वैर मांडिले. मिठाने भिंतीस पोपडे येतात, घरास ओला वास येतो, पंप निजू देत नाही, आणि भाऊ भाकरी थंड करून माशांस दाणा घालतो, ऐशा चार तक्रारी ती येईल त्या पाहुण्यापुढे पेश करी. एके दिवशी लिंबाच्या लोणच्यास मीठ कमी पडले म्हणून तिने दर्याच्या मिठाच्या गोणीस हात घातला. ते लोणचे ऐसे कडवट जाहले की शेजारणींनी वाट्या तैशाच परत धाडिल्या, आणि तोही गुन्हा माशांच्याच नावे मांडला गेला.

दिवाळीस नागपुराहून पुत्र विशाल आणि सून सोनाली आली. विशालने दोन दिवस बापाची चाल पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी आत्याशी मसलत करून समोर येऊन उभा राहिला. तो रागे भरला नव्हता. तो बोलिला, "बाबा, तुमी त्या काचेपुढंच बसून राहता. आई गेली. आता तुमी बी तिच्यामागं जाऊन राहिले का?"

मग विशालने तजवीज मांडिली की, नागपुरात शोभेच्या माशांचा एक दुकानदार माहितीचा आहे, त्यास जोडपे आणि टाकी देऊन टाकावी, तो नीट ठेवील. शकुबाईंनी तत्काळ मान्यता दिली. गुणवंतराव उठून गेले, मोरीवर तोंड धुतले आणि परत येऊन एवढेच बोलिले की, तिचे एक काम राहिले आहे, ते होऊ द्या. मग बरीच बोलाचाली होऊन तह ठरला. अखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. येती अखाजी चंद्रकलाबाईंची पहिली. सारी सोयरीधायरी जमणार. त्या दिवसापर्यंत जंजिऱ्यात पिल्ले वाढून त्यांचे अंगावर पांढरा पट्टा चढलेला दिसला, तर जंजिरा जागचे जागी राहील, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढणार नाही. न दिसला तर दुसरे दिवशी गाडी येईल. ऐसा तह उभयपक्षी मान्य जाहला.

आता मोहिमेस तोंड लागले. गुणवंतरावांचे जिवाभावाचे सरदार भिवाजीराव, नगरपालिकेच्या नळावरून निवृत्त जाहलेले, पाण्याच्या कामी पदरी असत. उभयतां चहाच्या ठेल्यावर बसले आणि विचार पडला की, राणीसाहेब अंडी देत नाहीत त्यास उपाय काय. तो पौषाचा सुमार. परगण्यातील साऱ्या बागा ताणावर होत्या. ताण म्हणजे ऐसे की, संत्र्याच्या झाडास पाणी तोडावयाचे, पाने मलूल होऊ द्यावयाची, जमीन भेगाळू द्यावयाची, आणि मग एके दिवशी भरपूर पाणी सोडावयाचे, की झाड फुलांनी लदबदून येते. त्यास आंबिया बहार म्हणतात. ताण न देता पाणी पाजीत राहिले तर झाड नुसता पाला करते आणि मालकास वाकुल्या दाखवते. हे ज्ञान येथील माणसास दुधाच्या दातांबरोबर येते.

मग गुणवंतरावांचे मनात ऐसे आले की, राणीसाहेबांचेही तेच जाहले असावे. बारमाही पाणी, बारमाही दाणा, ऊब, उजेड. मग बहार यावा कैसा? भिवाजीरावांनी शंका काढिली, "गुणवंतभाऊ, झाडाले मुळं हायेत जमिनीत. माशाले काय हाये?" गुणवंतरावांनी विचार करून सांगितले, "झाड तं हालत बी नाही, तरी त्याले समजते. मासा हालते." भिवाजीरावांनी मान डोलाविली. ठेल्यावरील इतर बागाईतदारांनीही रुकार दिला, आणि एकाने तर किती ताण द्यावा याचाही अंदाज सांगितला.

मग हुकूम सुटला. जंजिऱ्यातील पाणी अर्ध्यावर आणावे. दाणा तोडावा. दिवा मालवावा. हुकमाची तामिली गुणवंतरावांनी स्वहस्ते केली. पण जंजिऱ्यातील हीटर बाहेर उघडा पडला, उघड्यावर तापून त्याची काचेची नळी तडकली आणि तो बंद पडला, हे त्यांचे ध्यानी आले नाही. पौषातील सौसरची थंडी. सकाळी शकुबाई झाडू घेऊन बैठकीत आल्या, आणि पाहातात तो राणीसाहेब आणि नवरदेव तळाशी कवेलूजवळ आडवे पडलेले, अंगाचा संत्री रंग फिका, कल्ले तेवढे हालत. जंजिरा पडावा हे शकुबाईंचे मनी होते, पण ऐसा नव्हे. त्यांणी झाडू टाकिला आणि भावास हाक मारिली.

गुणवंतरावांनी फोन लाविला. फोनमधून प्रणालीने जंजिऱ्याची दशा पाहिली आणि काय केले ते ऐकून घेतले. ताणाचे नाव निघाले तेव्हा तिने ते पुन्हा एकदा सांगावयास लाविले. मग बोलिली, "मावसाजी, ते समुद्रातले जीव हायेत. तिथं पाणी कधी तुटतच नाही." एवढे बोलून तिने फर्मान दिले की, नवा हीटर येईतोवर गरम पाणी बाटल्यांत भरून टाकीत तरंगत सोडावे, नवे खारे पाणी थोडे थोडे करून मिळवावे, एकदम ओतू नये, आणि पुन्हा कोणत्याही बागाईतदाराचा सल्ला घेऊ नये.

मग भिवाजीराव सायकलीवर कॅन बांधून गाळलेले पाणी आणू लागले, आणि गुणवंतराव मीठ कालवू लागले, आणि गरम पाणी स्वयंपाकघरातून आपसूक येऊ लागले. शकुबाईंनी भगोणे चुलीवरून उतरवून दारात आणून ठेविले आणि पाठ फिरवून सांगितले, "माशायसाठी नाही तापवलं. आंघोळ कर. उरलं तं काय करायचं ते कर." ऐशी चार भगोणी आली. गुणवंतरावांनी त्या दिवशी आंघोळ केली नाही, आणि तिने विचारिलेही नाही.

संध्याकाळचे सुमारास राणीसाहेब उठल्या. डुलत डुलत वर आल्या, आणि दाण्याचा कण गिळिला, आणि दुसऱ्या कणाकडे नवरदेव निघाले तो त्यांस तोंडाने ढुसणी देऊन मागे लोटिले. ती ढुसणी पाहून गुणवंतरावांनी हातातील मिठाचे भांडे खाली ठेविले. भिवाजीरावांनी लाडू आणावे की कसे म्हणून पुसले. त्यांस नको म्हणून खूण केली.

पुढे बागांचा ताण तुटला, पाणी सुटले, माघात परगणा पांढऱ्या फुलांच्या वासाने भरून गेला, आणि त्याच दिवसांत राणीसाहेबांनी कवेलूवर अंडी घातली. ही खबर ठेल्यावर पोहोचताच बागाईतदारांनी सांगितले की, पाहा, ताणानेच बहार आला. प्रणालीने फोनवरून सांगितले की, ताणाने काही जाहले नाही, उलट मरता मरता वाचले, आणि पुढे नीट काळजी घेतली म्हणून अंडी आली. हा वाद अजून चालू आहे. येथे निवाडा केलेला नाही.

त्या पहिल्या खेपेचे वर्तमान दुःखद आहे. रसदेची तयारी नसता अंडी फुटली, आणि गुणवंतरावांनीही बाईंप्रमाणेच बलक चाळून घातला, आणि पाणी नासून सारी फौज गारद जाहली. काचेसारखी पारदर्शक, डासाच्या अळीएवढी पोरे, त्यांचे डोळे तेवढे काळे. ती गुणवंतरावांनी कपाने काढून अंगणातल्या तुळशीस घातली. तेव्हा प्रणालीने सांगितले की, यांस जिवंत खाणे पाहिजे. पाण्यात चक्रासारखे फिरणारे जीव असतात, नजरेस दिसत नाहीत, त्यांस रोटिफर म्हणतात. त्यांची कुमक येथून धाडते, तुम्ही तिकडे वाढवा. तिच्याबरोबर काम करणारा एक इसम रेल्वेने उत्तरेस आपले घरी निघाला होता. गाडी पांढुर्ण्यास थोडा वेळ थांबते. त्याने रोटिफरांचा डबा गाडीच्या दारातून द्यावा आणि यांणी झेलावा, ऐसा करार जाहला.

मग पांढुर्ण्याची स्वारी निघाली. गुणवंतराव आणि भिवाजीराव पहिल्या बसने कूच करून गाडीच्या पुष्कळ आधी स्टेशनावर दाखल जाहले, आणि त्याचा रेल्वेचा डबा कोठे थांबेल हे एका भजीवाल्यास विचारून त्याप्रमाणे मोर्चा बांधून उभे राहिले. गाडी आली, आणि तो रेल्वेचा डबा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकास जाऊन थांबला. मग जे पळणे जाहले ते पांढुर्ण्याने पाहिले. भिवाजीराव पुढे, गुणवंतराव मागे, त्यांची एक चप्पल पुलाखाली राहिली ती राहिलीच. गाडी हालली तेव्हा दारातील इसमाने हिरवट पाण्याचा प्लास्टिकचा डबा खाली सोडिला आणि भिवाजीरावांनी तो पोटाशी कवटाळिला. तो इसम ओरडून काही सांगत होता. ते ऐकू आले नाही. झाकण ढिले ठेवा ऐसे असावे, ऐसा अदमास करून झाकण ढिले केले.

परतीची बस शनिवारची, जामसांवलीस हनुमंताच्या दर्शनास निघालेल्या मंडळींनी ठासून भरलेली. उभे राहावयास जागा नाही, डबा हिंदकळतो, झाकण ढिले. तेव्हा कलाबाई नावाची एक पोक्त बाई, नारळाची पिशवी घेऊन खिडकीशी बसलेली, तिने पुसले की डब्यात काय आहे. जीव आहेत, गुणवंतरावांनी सांगितले. ती बोलिली, "कुठं हायेत? पाणीच दिसून राहिलं." ते दिसत नाहीत ऐसा जबाब गेला. दिसत नाहीत तर आहेत हे कैसे समजले, ऐसा तिचा सवाल आला. भिवाजीरावांनी सांगितले की, पोरीने फोनवर सांगितले.

"माह्या जावयानं बी फोनवर सांगतलं होतं, शनिवारी येतो म्हून," कलाबाई बोलिल्या. "पाहून राहिली मी चार शनिवार झाले."

सारी बस हासली. पण मग तिने नारळाची पिशवी खाली ठेविली आणि डबा मागून घेऊन मांडीवर धरिला, आणि जामसांवलीपर्यंत तसूभर हालू दिला नाही. उतरताना मात्र तिने बजाविले की, मेले तर माझे नाव घेऊ नका.

कुमक सौसरास पोहोचली ती गच्चीवर हिरव्या पाण्याच्या बरण्यांत उतरविली. रोटिफर त्यातील बारीक शेवाळ खाऊन वाढू लागले. पाणी उजेडास धरले की धुळीसारखे काही हालते, एवढेच दिसे, आणि त्यावरून गुणवंतराव संतोष पावत. इकडे राणीसाहेबांनी पुन्हा अंडी घातली. आणि येथे एक गोष्ट घडली, जिच्याविषयी कोणी खलबत केले नव्हते.

दुपारची गोष्ट. शकुबाई गहू निवडावयास बैठकीत बसल्या होत्या, कारण तेथे पंखा होता. समोर जंजिऱ्यात नवरदेव अंड्यांपुढे उभे होते. पंखांनी वारा घालीत, एखादे अंडे खराब जाहले तर तोंडाने काढून टाकीत, पुन्हा वारा घालीत. दाणा पडला तर झडप घालून परत जागेवर. राणीसाहेब दुसऱ्या कोपऱ्यात आरामात. शकुबाईंचे गहू निवडून जाहले तरी त्या उठल्या नाहीत. मग भावास पुसले की, अंड्यांस वारा घालतो तो कोण. बाप आहे, ऐसे कळले. ती कोठे आहे. ती तिकडे आहे. हा निजतो केव्हा. ते ठाऊक नाही.

"बाप हाये हा?" शकुबाई बोलिल्या. "आमच्या घरच्या बापानं पाळण्याची दोरी बी नाही धरली कधी." मग थोड्या वेळाने सुपातील गहू नीट करीत बोलिल्या, "चंद्रकलानं हे कधी सांगतलं नाही मले." गुणवंतरावांनी सांगितले की, तू कधी बसलीच नाही तिच्यापाशी. शकुबाईंनी सूप उचलून आत नेले. पण त्या दिवसापासून भिंतीच्या पोपड्यांची तक्रार पाहुण्यांपुढे पेश होईनाशी जाहली.

अंड्यांत डोळे रुपेरी चमकू लागले तेव्हा प्रणालीने हुकूम धाडिला की, आज दिवस मावळल्यावर फुटतील. कवेलू लहान टाकीत हालवा, हवेचे बुडबुडे सोडा आणि मग काळोख पाहिजे, पुरा काळोख. उजेड पडला तर अंडी फुटत नाहीत, आणि फुटली तर पोरे उजेडाकडे धावून काचेवर आपटतात. गुणवंतरावांनी खिडक्या लाविल्या, टाकीवर वाकळ टाकिली, घरातील सारे दिवे मालविले आणि दारापाशी बसले. भिवाजीराव पंपापाशी बसले. सूर्य मावळला.

तोच गल्लीच्या तोंडाशी परचक्र आले. वरात. पुढे डीजेची गाडी, तिच्यावर फिरते दिवे, निळे, हिरवे, पांढरे, भिंतीच्या पार जातील ऐसे. मागे डोक्यावर झुंबरे घेतलेली माणसे, त्यांमागे नाचणारी मंडळी. आवाजाने भांडी थरारली. दिव्यांचे झोत खिडकीच्या फटींतून आत येऊन वाकळीवर फिरू लागले. गुणवंतरावांनी धोतर सोडून खिडकीवर धरिले, भिवाजीरावांनी अंगातील सदरा दुसरीवर धरिला, तरी फटी राहिल्याच. वाकळीखाली काय चालले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता.

तेव्हा शकुबाई उठल्या. पदर खोचिला, चपला न घालता बाहेर गेल्या, आणि डीजेच्या गाडीसमोर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबली. वरातीतील पुढारी धावून आले आणि अडचण काय ती पुसली. शकुबाईंनी सारे सरळ सांगितले की, घरात माशाची अंडी फुटत आहेत आणि त्यांस अंधार पाहिजे. मंडळीत हशा पिकला. एका पोरसवद्या पाहुण्याने टोमणा मारिला की, आजी, मग कोंबडीच्या अंड्यांसाठी कोणती गाणी लावू? शकुबाई हासल्या नाहीत. त्या बोलिल्या, "माह्या भावाची बायको गेली. तिचे मासे हायेत. दिवे बंद करा, गल्ली पार होऊ द्या, मंग नाचा रातभर. मी बी येते नाचायले."

हशा थांबला. नवरीचे मामा बागाईतदार होते, ताणाचा किस्सा त्यांणी ठेल्यावर ऐकिला होता. त्यांणी खूण केली. डीजे बंद जाहला. दिवे मालवले. झुंबरेवाल्यांनी झुंबरे विझविली. आणि सारी वरात, नवरदेव घोड्यावर, बायका साड्या सावरीत, चपला फरपटण्याचा तेवढा आवाज करीत, ती गल्ली अंधारात ओलांडून गेली. पुढच्या चौकात गेल्यावर मग डीजेने तोंड उघडले. शकुबाई शब्दास जागून तेथवर गेल्या आणि दोन फेर नाचून परत आल्या, ऐसे शेजारणी सांगतात. आम्ही पाहिले नाही.

घरी वाकळ जराशी उचलून पाहिली तो पाण्यात काळ्या डोळ्यांचे जोडेच जोडे.

पुढील दिवसांचा मजकूर म्हणजे रसद पोहोचविण्याचा. रोटिफर घालणे, पाणी बदलणे, तळ पुसणे, मेलेली काढणे, पुन्हा रोटिफर. रोज काही कमी होत. एके दिवशी पहाटे पंप बंद पडला तेव्हा भिवाजीराव येईतो शकुबाईंनी लोट्याने पाणी वर उचलून पुन्हा पाण्यात सोडीत बुडबुडे धरून ठेविले. पारदर्शक पोरे मग पिवळसर जाहली, मग नारिंगी, आणि जी तगली ती कवेलूमागे टोळी करून राहू लागली. एके सकाळी गुणवंतराव दाणा घालावयास वाकले आणि तैसेच वाकलेले राहिले. एकाच्या डोक्यामागे पांढरी रेघ उमटली होती, केसाएवढी.

अखाजी आली. सोयरे जमले. पुरण शिजले, आंब्याचा रस जाहला, कुरोड्या तळल्या. विशाल आणि सोनाली पहिल्या बसने आली होती. विशाल चपला काढून थेट लहान टाकीकडे गेला. आत संत्री रंगाची बोटाच्या पेराएवढी पिल्ले इकडून तिकडे जात होती, प्रत्येकाच्या डोक्यामागे पांढरा पट्टा, काहींस दुसराही चढू लागलेला. तहातील कलमाविषयी संशयास जागा नव्हती. विशाल वाकून एकेक मोजू लागला. सोनालीने त्याचे पाठीवर हात ठेविला. भिवाजीराव नवा सदरा घालून आले होते, त्यांणी माहिती सांगावयास सुरुवात केली आणि मध्येच बंद केली. मग विशाल काचेस बोट लावून उभा राहिला, आणि पिल्ले बोटापाशी गोळा जाहली, दाणा आला ऐसे समजून.

शकुबाईंनी घागर मांडिली. पाणी भरिले, वर खरबूज ठेविले, चंद्रकलाबाईंचे नाव घेतले आणि भावास पुढे बोलाविले. गुणवंतराव पाटावर बसले. मंडळी वाट पाहात राहिली, कारण अशा वेळी काही बोलावयाचे असते आणि ते यांस येत नव्हते. मग ते घागरीकडे वाकून, शेजारच्यास ऐकू येईल इतपत आवाजात बोलिले, "झाले वो लेकरं."

मग जेवणे जाहली. गुणवंतरावांनी रस तीन वेळा घेतला. हात धुवून अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर जरा पाठ टेकली, आणि झोप लागली ती ऐशी की, पाहुणे निघाले, निरोप घ्यावयास आले, तरी जाग आली नाही. विशालने कोणास उठवू दिले नाही. दाण्याची वेळ जाहली तेव्हा शकुबाई डबी घेऊन आत गेल्या. मोठ्या टाकीत दाणा टाकिला, लहान टाकीत टाकिला. राणीसाहेब नवरदेवास खाऊ देईनात, तेव्हा शकुबाईंनी काचेवर टिचकी मारून त्यांस दटाविले की, त्यालाही खाऊ दे, दमला आहे तो. पंप गुडगुडत होता. त्याविषयी कोणी काही बोलिले नाही.

येणेप्रमाणे सौसर मुक्कामी, दर्यापासून एका रात्रीच्या अंतरावर, काचेच्या जंजिऱ्यात जोकर माशांची एक पिढी जन्मली आणि वाढली. जंजिरा जागचे जागी राहिला. ज्या दुकानदारास तो द्यावयाचा होता, त्यास बदल्यात वाढलेली पिल्ले धाडावयाची ठरली, म्हणजे त्यास तेवढी दर्यातून धरून आणावयास नकोत. मोहिमेत एक हीटर, एक चप्पल आणि एक बरणी लोणचे कामी आले. आरंभ चंद्रकलाबाईंनी केला होता, म्हणून यशही त्यांचेच नावे लिहिले आहे.